जेवायला नको म्हणणारं दोन वर्षांचं मूल: आधी भूक, मग ताट, मग नवी चव

वर्षाचं होईपर्यंत खिमट, नाचणीचं सत्त्व, मऊ भात असं समोर येईल ते खाणारं बाळ चालायला लागतं आणि एके दिवशी वाटी ढकलून देतं. भाजी दिसली की तोंड फिरवतं. वरण-भाताशिवाय दुसरं काही नको म्हणतं. परवापर्यंत मागून खाल्लेलं केळं आज थुंकून टाकतं. मग घरात पाठलाग सुरू होतो. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन गॅलरीत, जिन्यात, खाली पार्किंगमध्ये मुलामागे फिरायचं. तासाभरात अर्धी वाटी भात कसाबसा पोटात जातो, तोवर मूल रडून आणि आई चिडून दमलेली असते.

यावर उपाय शोधताना बहुतेक जण पाककृतींपासून सुरुवात करतात. पालक लपवलेले पराठे, बीट घातलेली इडली, ससा-हत्तीच्या आकाराच्या चपात्या. माझं स्पष्ट मत आहे की पाककृतीचा नंबर शेवटचा. मुलाला भूक लागलेली नसेल तर कुठलीच पाककृती चालत नाही, आणि भूक लागलेली असेल तर साधा वरण-भात-लिंबूही पुरतो. म्हणून इथे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मधली पायरी गाळली तर पुढची टिकत नाही.

पहिली पायरी: वजन-उंची बघा

जन्माच्या वेळी तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होताना साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे वर्षभरात तिप्पट. पुढच्या पूर्ण वर्षात मात्र त्याचं वजन दोन-अडीच किलोच वाढतं, आणि त्यानंतर दर वर्षी जेमतेम दोन किलो. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूकही उतरणारच. आईला वाटतं खाणं बिघडलं, पण बऱ्याचदा शरीराने आपला हिशेब बदललेला असतो.

याच वयात अनोळखी पदार्थाची भीतीही येते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान ती सगळ्यात जास्त असते. गोड चव बाळाला उपजतच आवडते आणि कडू नको असते. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी हिरवा पाला नाकारणं हे त्याचं एक प्रकारचं संरक्षणच असावं, असं अभ्यासक मानतात. मेथी थुंकणारं मूल हट्टी किंवा लाडावलेलं असतं असं नाही.

तेव्हा आधी आलेख बघा. लसीकरणाच्या वेळी मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाचा तक्ता असतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, बालरोगतज्ज्ञांकडेही नोंद असते. मूल हिरव्या पट्ट्यात असेल आणि स्वतःच्या रेषेने वर सरकत असेल, तर ते खातंय तेवढं त्याला पुरतंय. शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करू नका. आई-वडील दोघंही सडपातळ असतील तर मूलही बहुतेक तसंच असणार.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. वजन घटतंय किंवा रेष दोन-तीन महिने सपाट आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतोय. साडेअकराच्या खाली गेला असेल तर ते तीव्र कुपोषण समजतात. घास गिळताना ठसका लागतो, जीव गुदमरतो, वारंवार उलटी होते. मूल माती, खडू, भिंतीचा पोपडा खातंय, ओठ आणि नखं पांढुरकी दिसतात, सारखं चिडचिडं आणि मलूल असतं. ही लोह कमी असल्याची नेहमीची लक्षणं. शी कडक होते आणि तीन-चार दिवसांनी एकदा होते. किंवा खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमी होत मोजक्या दोन-चारांवर आलेत, विशिष्ट स्पर्शाचंच खाणं चालतं आणि जोडीला बोलणं उशिरा आहे, हाक मारल्यावर बघत नाही. यातल्या प्रत्येकावर उपचार आहेत. भूक वाढवणारं सिरप मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. त्यातल्या काही औषधांनी गुंगी येते, आणि औषध थांबलं की भूकही पुन्हा पूर्वीसारखी होते.

दुसरी पायरी: भूक कुठे जाते ते शोधा

तीन दिवस एक वही ठेवा. मुलाच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा, कोणी दिली तेही लिहा. जेवण तेवढं लिहून थांबू नका. बिस्किटाचा तुकडा, आजोबांच्या बशीतला चहा, वरच्या काकूंनी दिलेला चिवडा, सगळं लिहा.

बहुतेक घरांत ती वही साधारण अशी दिसते. उठल्या उठल्या बाटलीभर दूध. नऊला दोन बिस्किटं. अकराला राजगिऱ्याचा लाडू. बाराला रडला म्हणून थोडं दूध. एक वाजता जेवायला बसवलं तर दोन घासांत तोंड बंद. मग ‘उपाशी कसं झोपवायचं’ म्हणून पुन्हा बाटली. चारला चहात बुडवलेली बिस्किटं, सहाला वेफर्स, आठला जेवणावरून रडारड, दहाला बाटली, आणि रात्री जाग आली की आणखी एक. ‘हा काही खातच नाही’ असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत असतात, ते मूल दिवसभर थोडं थोडं खातच असतं.

आता दुधाचा हिशेब करू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार ते अकराशे कॅलरी लागतात. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ७० च्या आसपास कॅलरी असतात, म्हशीच्या दुधात १०० च्या वर. चार बाटल्या मिळून ८०० मिलिलिटर दूध गेलं, तर गाईच्या दुधाने दिवसाची निम्मी गरज भागली आणि म्हशीच्या दुधाने तीन चतुर्थांश. वर साखर किंवा चॉकलेटी पावडर असेल तर आणखी. उरलेल्या जागेत भाजी-पोळी कुठे मावणार?

दुधाचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि दूध भरपूर प्यायलं तर जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी झालं की भूक मंदावते, भूक मंदावली की मूल दूधच मागतं, आणि हे चक्र चालूच राहतं. मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. भाजी न खाणारं मूल बऱ्याचदा पुढे खायला लागतं. लोहाची कमतरता मात्र आपोआप भरून निघत नाही.

म्हणून दूध दिवसाला ४०० मिलिलिटरच्या आसपास आणा, जास्तीत जास्त ५००. दही आणि ताकाचं दूध त्यातच मोजा. बाटली सोडवून पेला किंवा वाटी द्या. सगळं एका दिवसात बंद करायची गरज नाही. दुपारची जेवणाआधीची आणि जेवणानंतरची बाटली आधी थांबवा, कारण तीच जेवण मारते. रात्रीच्या बाटलीतलं दूध दर दोन-तीन दिवसांनी दोन-दोन मोठे चमचे कमी करत जा. मूल अजून अंगावर पीत असेल तर ते बंद करायचं कारण नाही, दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. फक्त जेवणाच्या तासभर आधी पाजू नका, जेवण झाल्यावर पाजा.

चहा अजिबात नको, बशीतला एक घोटही नको. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. दुधात घालायच्या पावडरींबद्दल एवढं लक्षात ठेवा की एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं. अशा बऱ्याच डब्यांवरची घटकांची यादी वाचली तर साखर पहिल्या दोन-तीन नावांत सापडते.

तिसरी पायरी: वेळा बांधा

दिवसाला तीन जेवणं आणि मधे दोनदा खाऊ. दोन खाण्यांमध्ये अडीच ते साडेतीन तास, आणि त्या वेळात फक्त पाणी. आठला नाश्ता, साडेदहाला फळ, एकला जेवण, साडेचारला खाऊ, साडेसातला रात्रीचं जेवण, असं काहीसं. तुमच्या घराप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढे-मागे चालेल, पण क्रम रोज तोच ठेवा. आई-बाबा दोघंही ऑफिसमधून साडेआठला येत असतील तर मुलाला तोवर ताटकळत ठेवू नका. सातला आजीबरोबर किंवा सांभाळणाऱ्या मावशींबरोबर त्याचं जेवण होऊ द्या आणि तुम्ही जेवायला बसाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. झोपेने पेंगुळलेलं मूल जेवत नाही, त्यामुळे रात्रीच्या जेवणापेक्षा दुपारचं जेवण आणि चारचा खाऊ यांच्यावर भर द्या.

पहिले चार-पाच दिवस मूल मधल्या वेळेत मागेल, रडेल, बिस्किटांचा डबा दाखवेल. डबा दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवा. समोर ठेवून नाही म्हणणं हा मुलावर अन्याय आहे. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, म्हणून ‘चार वाजता देते’ असं सांगून उपयोग नाही. ‘झोपून उठलास की खाऊ’, ‘अंघोळ झाली की नाश्ता’ हे कळतं. पाणी द्या, कडेवर घ्या, खाली फिरवून आणा.

जेवणाची वेळ वीस ते तीस मिनिटं. त्यानंतर ताट उचला. जेवलं असो वा नसो, ओरडायचं नाही आणि कौतुकाचा पाऊसही पाडायचा नाही. ‘झालं? बरं, हात धुऊया.’ एवढंच. इथे सगळ्या आया डगमगतात, कारण न जेवलेलं मूल अर्ध्या तासात दूध मागतं. द्यायचं नाही. पुढची खाण्याची वेळ दोन-अडीच तासांवर आहे आणि धडधाकट मूल तेवढं सहज थांबू शकतं. मूल आजारी असेल, वजन कमी असेल किंवा मधुमेहासारखा त्रास असेल तर मात्र हा नियम डॉक्टरांना विचारूनच लावा.

चौथी पायरी: किती खायचं ते मुलाला ठरवू द्या

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी कामाची एक वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने. जगभरातले बालरोगतज्ज्ञ ही वाटणी सांगतात आणि मलाही यापेक्षा चांगला नियम सापडलेला नाही. आपल्याकडे दोन्ही बाजू उलट्या झालेल्या दिसतात. काय खायचं हे मूल ठरवतं (‘त्याला मॅगीच हवी असते’) आणि किती खायचं हे आपण (‘वाटी संपल्याशिवाय उठायचं नाही’).

मूल तोंड मिटतं, मान फिरवतं, चमचा ढकलतं, घास गालात धरून बसतं. ही पोट भरल्याची भाषा आहे, त्यापुढे एकही घास नको. ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणत मांडीवर घेऊन भरवणं सुंदरच आहे, आणि मूल हसत तोंड उघडतंय तोवर जरूर भरवा. मिटलेलं तोंड उघडण्यासाठी काऊ-चिऊ आणू नका. बुवाला तर मुळीच बोलावू नका. जबरदस्तीने भरवलेल्या मुलाला पुढे ताट बघूनच उमासे येतात, हे अनेक घरांत घडतं.

लालूच हीही जबरदस्तीच. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्यातून मुलाला नेमकं कळतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. गोड द्यायचंच असेल तर छोटा तुकडा जेवणाबरोबर ताटातच वाढा आणि त्यावर काही अट घालू नका. दोन वर्षांच्या आत वरची साखर न दिलेलीच बरी.

मोबाइलचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि मी इथे कडक आहे. भारतीय बालरोग संघटनेच्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवताना तर कोणत्याच वयात नको. व्हिडिओ बघताना मूल तोंड उघडतं, पण काय खातोय, पोट भरलं की नाही, हे त्याला जाणवत नाही. मग व्हिडिओशिवाय जेवणं ही गोष्टच त्याला माहीत नसते. हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम बंद करणं सोपं जातं. दोन-तीन दिवसांची सुट्टी जोडून येईल तेव्हा सुरू करा, सगळ्यांनी आपापले फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, टीव्ही बंद करा. पहिला आठवडा मूल निम्मंच खाईल. हे आधीच गृहीत धरलं तर धीर सुटत नाही.

पाचवी पायरी: ताट कसं वाढायचं

आपली जुनी पानाची मांडणी या वयाला फार सोयीची आहे. डावीकडे मीठ, लिंबू, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे वरण-भात. पुष्कळ पदार्थ, प्रत्येक थोडाथोडा, एकमेकांत न मिसळलेला. अनोळखी भाजी आवडत्या भातात कालवलेली असली की मूल अख्खा घास थुंकतं. तीच भाजी वेगळी, एका कोपऱ्यात असली तर निदान ताट नाकारत नाही.

तीन गोष्टी वाढा. एक मूल हमखास खातं अशी: भात, चपाती, दही, काहीही. एक घरातल्या सगळ्यांसाठी केलेली. आणि एक नवी किंवा न आवडणारी, अगदी बोटाच्या पेराएवढी. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करू नका; आमटीत तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. प्रमाणाचा अंदाज सोपा आहे: वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, पाव चपाती, भाजीच्या दोन फोडी. मोठ्यांच्या नजरेला हे फारच थोडं वाटतं. हवं असेल तर ते पुन्हा मागेल, आणि मागून घेतलेलं संपवतं. डोंगराएवढा भात समोर आला की मूल सुरुवातच करत नाही.

लिंबाची फोड मुलालाच पिळू द्या. त्याला मजा येते, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. काय द्यायचं याचा विचार करताना बहुतेक पालक प्रथिनांची काळजी करतात. या वयाला दिवसाला साधारण बारा ग्रॅम प्रथिनं लागतात आणि ४०० मिलिलिटर दूध-दह्यातूनच जवळजवळ तेवढी मिळतात. काळजी करायची ती लोहाची. दिवसाला आठ मिलिग्रॅम लोह लागतं आणि ते गाठणं कठीण असतं. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची मऊ उसळ, अळीवाची खीर, बाजरीची भाकरी कुस्करून तूप-गुळाबरोबर, तीळ, राजगिरा. खाणाऱ्या घरात अंडं, मटण, कोंबडीची कलेजी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम, त्यामुळे दूध कमी करताना नाचणीची आंबील किंवा धिरडं उपयोगी पडतं. सरकारच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप दिलं जातं. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. जंतनाशक गोळी वर्षापासून पुढच्या मुलांना मिळते, तीही चुकवू नका.

बसण्याची जागा एकच ठेवा. जमिनीवर पाट, नाहीतर पाय टेकतील अशी खुर्ची. खाली जुनी चादर अंथरा आणि हाताने खाऊ द्या. सांडेल, केसांना वरण लागेल, तेवढं सोसा.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, खोबऱ्याचे तुकडे, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं हे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका. श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. दाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चार भागांत चिरा, गाजर वाफवा. धावणाऱ्या, हसणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास घालू नका. मागे पळत भरवणं थांबवायला खरं तर एवढं कारण पुरेसं आहे.

सहावी पायरी: नवी भाजी ओळखीची करा

दोनदा थुंकलं की आपण ठरवून टाकतो, याला भोपळा आवडत नाही. एखादी चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे खाणंच नव्हे. बघणं, हातात घेणं, वास घेणं, जीभ लावून थुंकणं हेही त्यात मोजायचं.

लाल भोपळ्याचंच बघा. बाजारात त्याची फोड मुलाच्या हातात द्या आणि पिशवीत त्यालाच ठेवू द्या. घरी चिरताना आतल्या बिया काढायला बसवा. पहिल्यांदा ताटात एक फोड, काहीही न बोलता. दोन दिवसांनी गूळ घातलेले घारगे, आणि ‘हा तोच भोपळा बरं का’ असं सांगून. पुढच्या आठवड्यात दही घालून भरीत, मग वरणात शिजवलेली मऊ फोड, मग मेथीदाण्याच्या फोडणीची नेहमीची भाजी. तुम्ही शेजारी बसून तीच भाजी चवीने खा. मुलं ऐकतात कमी आणि बघतात जास्त. एका वेळी एकच भाजी अशी ओळखीची करा. पंधरवड्यात काही घडलं नाही तर महिनाभर सोडून द्या आणि परत आणा.

भाजी लपवून देण्याबद्दल बरंच बोललं जातं. पराठ्यात किसलेला दुधी घालायला हरकत नाही, पोषण मिळतं. पण लपवलेल्या दुधीची ओळख होत नाही, म्हणून तोच दुधी उघडपणेही ताटात येत राहिला पाहिजे.

मूल जे खातं तिथून पुढे एकेक पाऊल न्या. वरण-भातावर अडलेल्या मुलाला आधी वरणात दुधीची मऊ फोड, मग मुगाची खिचडी, मग चकोल्या, मग त्याच डाळीचं धिरडं. कुरकुरीत तेवढंच खाणाऱ्याला भाकरीचा पापुद्रा, थालीपीठाची कडक कड, तव्यावर परतलेल्या भेंडीच्या चकत्या. ज्याला फक्त पांढरं चालतं त्याला दही-भात, घावन, इडली, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, आणि मग घावनात चिमूटभर कोथिंबीर. पालेभाजीची अडचण बऱ्याचदा चवीपेक्षा दोऱ्यांची असते. ती दाताखाली नीट चावली जात नाही. बारीक चिरून, डाळ आणि दाण्याचं कूट घालून केलेली पालकाची पातळ भाजी त्यामुळे सुक्या भाजीपेक्षा लवकर चालते. मासे खाणाऱ्या घरात सुरमईच्या तुकडीतला मधला भाग बोटांनी चाचपून, काटा नाही याची खात्री करून द्या. कारलं, मेथी यांची घाई नको.

सातवी पायरी: घरातली सगळी माणसं

वरचं सगळं आई एकटीने करून चालत नाही. आई बाटली बंद करते, आजी मागच्या खोलीत दूध देते, आणि मुलाला दोन दिवसांत कळतं कुठे जायचं ते. आजीवर रागावू नका. जुलाब आणि गोवराने धडधाकट मुलं दगावलेली तिच्या पिढीने पाहिली आहेत. अंगावर थोडं मांस असलेलं मूल त्यातून वाचायचं, म्हणून भरवणं हेच तिचं प्रेम आहे.

तिला ‘देऊ नका’ एवढंच सांगण्याऐवजी काम द्या. साडेचारचा खाऊ पूर्णपणे आजीचा. काय करायचं ते तिने ठरवावं: शिरा, उकड, मुटके, शेंगोळे, अळीवाचा लाडू कुस्करून. ‘आई, तुमच्या हातची उकड तो खातो, ती तुम्हीच करा, फक्त साडेचारला’ असं म्हटलं तर वेळही पाळली जाते आणि मानही राहतो. डॉक्टरांकडे जाताना आजीला बरोबर न्या. दुधाचं प्रमाण सुनेने सांगणं आणि डॉक्टरांनी सांगणं यात फरक पडतो, हे मान्य करूनच चालावं. मूल जेवत नाही म्हणून ती मीठ-मोहरीने दृष्ट काढत असेल तर काढू द्या, त्याने काही बिघडत नाही.

बाबांनी निदान एक जेवण मुलाबरोबर बसून जेवावं, फोन न घेता. पाळणाघरात वेळा आणि दुधाचं प्रमाण लिहून द्या आणि संध्याकाळी काय खाल्लं ते विचारा. अनेक मुलं तिथे चार जणांत बसून बिनतक्रार जेवतात आणि घरी नखरे करतात. तिथे जेवलेलंही पोटातच गेलंय, ते मोजा. परदेशातल्या मराठी घरांत मूल डेकेअरमध्ये पास्ता आणि घरी वरण-भात खात असेल तर दोन्ही चालू द्या, त्याच्या चवीची यादी वाढतेच आहे.

आणि मुलाच्या देखत ‘हा काही खातच नाही’, ‘हिला भाजी आवडतच नाही’ असं पाहुण्यांना सांगणं आजपासून थांबवा. दोन वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं, आणि ते तसंच वागतं.

किती दिवस लागतात

पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल जेवणाच्या वेळी आपणहून स्वयंपाकघरात यायला लागतं. नव्या भाज्यांना महिने लागतात. एका जेवणावरून काही ठरवू नका, आठवड्याचा हिशेब बघा. एक दिवस नुसत्या दोन पोळ्या आणि दुसऱ्या दिवशी तीन वाट्या वरण, असं या वयात चालतं. वजन महिन्यातून एकदाच, त्याच काट्यावर करा. रोज करून मनस्ताप होतो.

सर्दी-ताप, दात येणं, जुलाब यांत खाणं थांबलं तर पातळ पदार्थ आणि दूध पुन्हा वाढवावं लागतं, तेवढे दिवस वेळापत्रक सैल सोडा. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्या, या काळात भूक मोठी असते. लग्नकार्य, प्रवास, गणपतीत चार दिवस सगळं कोलमडेल. परत आल्यावर सकाळच्या नाश्त्यापासून पुन्हा सुरुवात करा, बाटलीपासून नको.